स्वागत समारंभासाठी डीजे ठरवताना

लग्नाच्या तयारीत कार्यालय, केटरर, छायाचित्रकार आणि पत्रिका यांचे ठरून गेल्यावर डीजेचा विषय निघतो, आणि बहुतेक घरांत तो एखाद्या उत्साही मामेभावावर सोपवला जातो. मामेभाऊ ओळखीतल्या कोणाला तरी फोन करतो, थोडी घासाघीस होऊन सौदा पक्का होतो, पण त्या माणसाने नेमके काय आणायचे, किती वाजता यायचे आणि कोणाचे ऐकायचे, यांपैकी काहीच ठरत नाही. ज्यांच्या अंगावर हे काम पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. महाराष्ट्रातील मंगल कार्यालये, लॉन आणि हॉटेलांतील रिसेप्शन हा येथे मुख्य विषय आहे. गोव्यात जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे. वरातीच्या गाडीवरील साउंड हा मात्र वेगळा धंदा आहे, त्याची परवानगी वेगळी आणि कौशल्यही वेगळे. रस्त्यावर उघड्या हवेत वाजवायची सवय झालेला माणूस सभागृहातही त्याच हाताने वाजवतो, म्हणून दोन्ही कामे एकाला देऊन पैसे वाचवण्याचा मोह टाळलेला बरा.

पहिली पायरी : समारंभाचे वेळापत्रक कागदावर मांडा

डीजेला फोन करण्याआधी आपला समारंभ प्रत्यक्षात कसा पार पडणार आहे, याचा विचार करावा लागतो. पत्रिकेवर सायंकाळी ७ ते १० अशी वेळ छापलेली असते. वधूवर तयारी आणि फोटो आटोपून आठच्या सुमारास व्यासपीठावर येतात, तोवर लवकर आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसून किंवा स्टार्टर खात वाट पाहत असतात. मग रांग लागते. पाचशे पाहुणे चार-चारच्या गटाने वर चढले तरी सव्वाशे गट होतात, आणि नमस्कार, आहेर व फोटो यांना प्रत्येक गटामागे पाऊण मिनिट धरले तरी दीड तासाहून अधिक वेळ जातो. म्हणजे रांग संपते तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात, वधूवर उभे राहून थकलेले असतात, ते अजून जेवलेले नसतात, निम्मे पाहुणे घरी गेलेले असतात आणि ज्या तरुण मंडळींसाठी डीजे बोलावला त्यांच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे उरतात. त्यानंतर दहाचा ठोका पडतो आणि कार्यालयाचा व्यवस्थापक हातवारे करू लागतो.

हे गणित आधी मांडले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. निमंत्रित चारशेच्या वर असतील आणि जागा उघडी असेल, तर माझे स्पष्ट मत असे की रिसेप्शनमध्ये नाचाचा हट्ट धरू नये. नाच आदल्या दिवशीच्या संगीताला किंवा हळदीला ठेवावा, चांगल्या डीजेचे पैसे तेथे खर्च करावेत आणि रिसेप्शनला साधी, नेटकी, मंद आवाजाची व्यवस्था करावी. नाच रिसेप्शनमध्येच हवा असेल तर दोन मार्ग उरतात. एक तर वधूवरांनी सात वाजता खरोखर हजर राहावे, प्रवेश आणि पहिली अर्ध्या तासाची नाचगाणी आधी उरकावीत आणि मग रांग सुरू करावी. नाही तर बंद सभागृह घ्यावे आणि जेवणानंतरचा तास केवळ जवळच्या मंडळींसाठी राखावा. पहिला मार्ग ऐकायला सोपा आहे, पण तो मेकअप आर्टिस्टच्या हातात असतो, हे ध्यानात ठेवावे.

वेळापत्रकात आणखी एक गोष्ट लिहावी, ती म्हणजे कोणत्या वेळी संगीत कशासाठी वाजणार आहे. पाहुणे येत असताना ते सनई किंवा बासरीसारखे वाद्यसंगीत असू शकते, रांगेच्या वेळी शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल असे, प्रवेशाच्या वेळी दोन-तीन मिनिटे ठसठशीत, आणि नाचाच्या वेळी मोकळे. समारंभाच्या तीन तासांपैकी दोन तास संगीत पार्श्वभूमीला असते, म्हणून चांगल्या डीजेची परीक्षा त्या दोन तासांत होते.

दुसरी पायरी : जागेचे नियम आणि रात्रीची मर्यादा

कार्यालय किंवा हॉटेल ठरवतानाच, म्हणजे आगाऊ रक्कम देण्याआधी, काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. बाहेरचा डीजे चालतो का, की त्यांच्या यादीतलाच घ्यावा लागतो? चालत असेल तर त्यासाठी ते वेगळी रक्कम आकारतात का? अनेक लॉनवाले बाहेरच्या डेकोरेटर आणि डीजेसाठी असे पैसे घेतात आणि त्याला रॉयल्टी म्हणतात. गाण्यांच्या स्वामित्वहक्काच्या रॉयल्टीशी त्याचा काही संबंध नसतो, पण बिल हातात पडल्यावर दोन्हींची गल्लत होते. वीज युनिटप्रमाणे लागते की भाड्यात धरलेली असते, जनरेटरचे डिझेल कोणाचे, सामानाची गाडी किती वाजता आत येऊ शकते आणि रात्री किती वाजेपर्यंत बाहेर पडली पाहिजे, हेही याच वेळी विचारावे.

आवाजाबाबतचा कायदा देशभर एकच आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन आणि नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ धरला जातो आणि त्या काळात ध्वनिवर्धक वापरता येत नाही. अपवाद आहे तो बंद जागेतील, आतल्या आत ऐकू जाणाऱ्या वापराचा. त्यात सभागृहे आणि बँक्वेट हॉल येतात. लॉनवर मांडव घातला म्हणून ती बंद जागा होत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते, पण ती सवलत गणेशोत्सव, नवरात्र यांसारख्या सार्वजनिक सणांसाठी असते. घरच्या लग्नासाठी ती मागून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात रात्रीची ही बंदी उचलून धरली आहे, त्यामुळे "आमच्या भागात ओळख आहे, काही होत नाही" असे सांगणारा डीजे तुमच्या जबाबदारीवर बोलत असतो. तक्रार झाली तर पोलीस यजमानाचे नाव विचारतात.

दिवसाही मर्यादा असतात. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यावसायिक भागासाठी ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० अशी ती प्रमाणे आहेत. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय किंवा न्यायालयाच्या परिसरातील कार्यालय असेल तर ते शांतता क्षेत्रात मोडते का, हे आधीच तपासावे. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते. ती साधारणपणे स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत मिळते आणि पुष्कळ कार्यालये ती स्वतः काढतात, पण "काढतो" आणि "काढली" यांत अंतर असते, म्हणून समारंभाच्या आठवडाभर आधी तिची प्रत मागून घ्यावी.

तिसरी पायरी : कशाचे पैसे देतो आहोत हे समजून घ्या

दरपत्रक मागितले की कोणी पंधरा हजार सांगतो, कोणी साठ, आणि नवख्याला वाटते की एक स्वस्त आहे आणि दुसरा लुटारू. पुष्कळदा दोघे वेगवेगळ्या गोष्टींचे दर सांगत असतात. साउंडवाल्याकडे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, माइक आणि टेम्पो असतो. गाणी लावायला तो एखादा पोरगा लॅपटॉप घेऊन बसवतो. दुसऱ्याकडे केवळ कंट्रोलर (लॅपटॉपवरील गाणी हाताळायचे बटणांचे यंत्र) आणि गाण्यांचा साठा असतो, तो स्वतः येऊन गाणी निवडतो आणि जोडतो, आणि साउंड भाड्याने आणतो. प्रकाशयोजना, ट्रस (लाइट टांगायचा लोखंडी सांगाडा), एलईडी वॉल, नाचाचा चौथरा आणि सूत्रसंचालक हे आणखी वेगळे. म्हणून दर मागताना यंत्रणा, माणूस, लाइट आणि निवेदन यांचे आकडे स्वतंत्र मागावेत. तसे केले की तुलना करता येते, आणि नको असलेले काढून टाकता येते.

यंत्रणेच्या बाबतीत वॉटच्या आकड्यांनी भुलू नये. "दहा हजार वॉट" हा आकडा बहुधा क्षणिक क्षमतेचा असतो. सतत पेलणारी क्षमता, जिला या धंद्यात आरएमएस म्हणतात, ती विचारावी. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. यातून निघणारी गोष्ट फार उपयोगाची आहे : लॉनवर व्यासपीठाशेजारी दोन राक्षसी स्पीकर उभे करण्यापेक्षा चार-सहा लहान स्पीकर ठिकठिकाणी विभागून, कमी आवाजात ठेवले तर सगळ्यांना सारखे ऐकू येते आणि पुढच्या रांगेतील आजोबांना कानावर हात ठेवावे लागत नाहीत. अडीचशे-तीनशे माणसांच्या बंद सभागृहात दोन टॉप (शब्द आणि वरचे स्वर देणारे स्पीकर) आणि दोन बेस (खालचा, घुमणारा आवाज देणारे) साधारणपणे पुरतात. छत उंच, भिंती गुळगुळीत आणि पडदे नाहीत असे सभागृह असेल तर आवाज घुमतो, आणि अशा ठिकाणी आणखी स्पीकर आणणे हा उपाय नसून बेस कमी करणे हा आहे.

कानांचा हिशेबही एकदा समजून घ्यावा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरले, तर प्रत्येक ३ डेसिबल वाढीला तो काळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. डीजेच्या टेबलापासून चार पावलांवर लहान मुले नाचत असतात तेव्हा हा आकडा आठवावा.

धूर, शार्पी (फिरता अरुंद प्रकाशझोत), कोल्ड पायरो (ठिणग्यांचे कारंजे), ड्राय आइस यांचे पॅकेज बरेच जण आग्रहाने गळ्यात मारतात. वधूवरांच्या प्रवेशाच्या चित्रफितीत ते छान दिसते, हे खरे. परंतु हॉटेलात धुराने फायर अलार्म वाजू शकतो, पायरोच्या ठिणग्या कापडी सजावटीपासून आणि साड्यांपासून दूर हव्यात, आणि ड्राय आइसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, म्हणून बंद आणि कोंदट जागेत तो वापरू नये. लेझर मला विचाराल तर सरळ नाकारावा. पुणे आणि कोल्हापूर भागात मिरवणुकांतील लेझरमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी गाजल्या आहेत, आणि त्याच किरणाने छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही निकामी होऊ शकतो.

चौथी पायरी : शोध, भेट आणि प्रश्न

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबर तसेच एप्रिल-मेमधील मोजक्या मोठ्या तारखांना प्रत्येक नावाजलेला डीजे अडकलेला असतो. अशा तारखेसाठी चार-सहा महिने आधी हालचाल करावी; गोव्यात हिवाळ्यात बाहेरगावच्या लग्नांची गर्दी असते, तेथे त्याहूनही आधी. चातुर्मासातील किंवा आडदिवसाच्या समारंभाला महिनाभर पुरतो आणि दरातही माणूस नरम असतो.

नावे मिळवण्याचा सगळ्यात विश्वासाचा मार्ग म्हणजे कार्यालयाचा व्यवस्थापक नव्हे, तर तेथे नेहमी काम करणारा छायाचित्रकार. व्यवस्थापकाला कमिशन मिळू शकते. छायाचित्रकार दर आठवड्याला या लोकांच्या शेजारी उभा असतो आणि कोण वेळेवर येतो, कोण दारू पिऊन वाजवतो, कोणाचा माइक दर वेळी शिट्टी मारतो, हे त्याला माहीत असते. समाजमाध्यमांवरील तीस सेकंदांच्या चित्रफिती पाहून निर्णय घेऊ नये, कारण त्यात नेमका तोच क्षण असतो जेव्हा कोणीही डीजे चांगला वाटतो. त्याऐवजी एखाद्या रिसेप्शनमधील अर्ध्या तासाचे सलग रेकॉर्डिंग मागावे, किंवा त्या यजमानांच्या परवानगीने चालू समारंभात पंधरा मिनिटे मागे उभे राहून ऐकावे.

भेटीत मी पहिला प्रश्न असा विचारेन : "पाहुणे रांगेत असताना तुम्ही पहिल्या तासाला काय वाजवाल?" जो माणूस लगेच नाचाच्या गाण्यांची यादी सांगू लागतो त्याला रिसेप्शन कळलेले नसते. दुसरा प्रश्न, आमच्या समारंभाला तुम्ही स्वतः येणार का? मोठ्या नावाखाली चार-पाच मुले काम करतात आणि ठरलेल्या दिवशी वेगळाच चेहरा समोर येतो, हा या धंद्यातील नेहमीचा अनुभव आहे. तिसरा, गाणी तुमच्याकडे साठवलेली आहेत की इंटरनेटवरून लावता? शहराबाहेरच्या लॉनवर, हजार मोबाइल एका जागी आल्यावर नेटवर्क रडू लागते आणि गाणे मध्येच थांबते. दुसरा लॅपटॉप किंवा पेनड्राइव्हवरील प्रत, जादा वायर आणि जादा माइक सोबत असतात का, हेही विचारावे.

दोन्ही घरे वेगवेगळ्या भाषांची असतील तर त्याच्या साठ्याची चाचणी घ्यावी. वर गुजराती असेल तर गरब्याची लय त्याला ओळखता आली पाहिजे, वधूकडचे रायगड किंवा ठाण्याकडील आगरी-कोळी असतील तर त्यांची गाणी केवळ दोन-चार नावाजलेल्यांवर भागत नाहीत. गोव्यातील ख्रिस्ती रिसेप्शनचा क्रमच निराळा असतो. तेथे टोस्ट, केक, नवदांपत्याचा पहिला नाच आणि बहुधा लाइव्ह बँड असतो, कार्यक्रम सूत्रसंचालक पुढे नेतो, आणि डीजेला बँडच्या विश्रांतीच्या वेळा सांभाळून वाजवावे लागते. पुण्या-मुंबईहून नेलेल्या डीजेला हे ठाऊक नसेल तर तेथलाच माणूस घ्यावा.

पाचवी पायरी : गाणी, माइक आणि घरातला एक माणूस

गाण्यांची शंभर नावांची यादी देऊ नये. चांगल्या डीजेचे हात त्याने बांधले जातात आणि वाईट डीजे ती वाचतही नाही. प्रवेश, केक किंवा हार, आई-वडिलांना व्यासपीठावर बोलावणे अशा ठरावीक क्षणांची पाच-सहा गाणी नक्की करावीत, कुठून सुरू करायची तेही मिनिट-सेकंदासह लिहून द्यावे, आणि त्यापेक्षा जास्त काळजीने नको असलेल्या गाण्यांची यादी करावी. द्व्यर्थी शब्दांची गाणी, चाल आनंदी असून शब्दांत विरह किंवा फसवणूक असलेली गाणी, आणि घरात अलीकडे कोणी गेले असेल तर त्या व्यक्तीच्या आठवणीशी जोडलेले गाणे, ही त्या यादीत यावीत. रिमिक्सच्या मधोमध डीजेचे नाव आरोळी मारून सांगणाऱ्या आवृत्त्या सर्रास फिरतात. सासऱ्यांच्या ओळखीचे निवृत्त न्यायाधीश व्यासपीठावर असताना अशी आरोळी उठू नये असे वाटत असेल तर मूळ गाणीच वाजवायची, हे आधी ठरवून घ्यावे.

नाचाचा वेळ लहान असेल तर चढता क्रम ठेवायला उसंत नसते. तेव्हा आधी मावशी-काकांच्या पिढीला ओळखीची अशी दोन-तीन जुनी गाणी लावून त्यांना चौथऱ्यावर आणावे, त्यांच्यापाठोपाठ मुले येतात. उलट क्रमाने सुरुवात केली तर ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवरच राहतात आणि नाच दहा मित्रांचा होतो. लावणी, कोळीगीते आणि ढोल-ताशाच्या ठेक्याची गाणी या दोन पिढ्यांना एकत्र आणतात, म्हणून ती मध्यावर राखून ठेवावीत.

फर्माइशींसाठी घरातील एकच माणूस नेमावा आणि त्याचे नाव डीजेला सांगावे. तो नाचाची अतोनात हौस असलेला नसावा. दर दोन मिनिटांनी कोणीतरी मोबाइल पुढे करून "हे लाव" म्हणतो, आणि डीजे प्रत्येकाचे ऐकू लागला की गाणी अर्धवट तुटत जातात. माइकचेही तसेच. एका काकांना आशीर्वादपर चार शब्द बोलायचे असतात, दुसऱ्यांना गाणे म्हणायचे असते, आणि दोघांनाही नकार द्यायला यजमान धजत नाहीत. कॉर्डलेस माइक टेबलावर मोकळा न ठेवता सूत्रसंचालकाच्या किंवा नेमलेल्या माणसाच्या हाती ठेवला की हा प्रश्न मिटतो. घोषणा कोण करणार हेही आधी ठरवावे. डीजे नावे चुकीची उच्चारतो अशी भीती असेल तर व्यासपीठावर बोलावायच्या ज्येष्ठांची नावे देवनागरीत, नात्यासह, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावीत.

सहावी पायरी : लेखी ठरवा

स्टॅम्प पेपरची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील एक सविस्तर संदेश आणि त्याला "मान्य" असे उत्तर एवढेही बहुतेक वेळा पुरते, मात्र त्यात तपशील हवेत. तारीख आणि जागा, सामान आत आणण्याची वेळ, पाहुणे येण्याच्या किमान तासभर आधी साउंड चेक, म्हणजे आवाजाची चाचणी, पूर्ण झालेला असणे, वाजवण्याची सुरुवात आणि शेवट, जादा वेळेचा तासाचा दर, प्रत्यक्ष येणाऱ्या डीजेचे नाव, उपकरणांची यादी, सोबत येणाऱ्या मदतनिसांची संख्या आणि त्यांच्या जेवणाची सोय, वाहतूक, बाहेरगावी असेल तर मुक्काम. तो आजारी पडला तर पर्यायी माणूस कोण आणि तो आपल्याला मान्य असण्याची अट, तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचे काय, आणि पावसामुळे लॉनवरचा कार्यक्रम आत हलवावा लागला तर कोणती उपकरणे कमी होणार, हे मुद्दे बहुतेक जण विसरतात. अवकाळी पाऊस एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात नवा राहिलेला नाही.

पैसे एकरकमी आधी देऊ नयेत. तीन हप्ते सोयीचे पडतात : ठरवताना काही भाग, साउंड चेक झाल्यावर काही, आणि शेवटचा वाजवणे थांबल्यावर. यूपीआयने दिले की नोंद आपोआप राहते. बिलात जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक मागावा. अशा सेवेवर दर १८ टक्के आहे आणि सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे लहान डीजेचे बिल कराविना असणे गैर नाही. नोंदणी नसताना कर वसूल करणे मात्र गैर आहे.

गाण्यांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न येथेच मिटवावा, कारण हॉटेल तो समारंभाच्या दोन दिवस आधी काढते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये प्रामाणिक धार्मिक विधींच्या वेळी वाजवलेल्या संगीताला सूट आहे, आणि विवाहाची मिरवणूक व विवाहाशी संबंधित इतर सामाजिक उत्सव त्यात धरावेत असे स्पष्टीकरण त्याच ठिकाणी दिले आहे. केंद्राच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये याची आठवण करून देणारी सूचना काढली. तरीही वाद संपलेला नाही. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच आशयाचे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कायद्यातील सूट त्यामुळे पुसली गेली नाही, पण एखादा कार्यक्रम त्या सुटीत बसतो का यावर हॉटेल आणि पीपीएल, नोव्हेक्स यांसारख्या परवाना देणाऱ्या संस्था वेगळे मत धरू शकतात. व्यवहारी मार्ग असा की हॉटेल परवाना मागते का, कोणत्या संस्थेचा, आणि पैसे कोण भरणार, हे नोंदणी करतानाच लेखी घ्यावे. मोठ्या हॉटेलांत आणि गोव्यात हा खर्च दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

सातवी पायरी : समारंभाच्या दिवशी

वीज पहिली पाहावी. २३० व्होल्टच्या १५ अँपिअर सॉकेटमधून जेमतेम साडेतीन किलोवॉट भार घेता येतो. त्याच बोर्डावर केटररची गरम पेटी आणि कॉफीचे यंत्र लागले की मधल्या तासात फ्यूज उडतो. साउंडसाठी स्वतंत्र लाइन मागावी, शक्य असेल तर लाइटपेक्षा वेगळ्या फेजवर, कारण डिमरचा (लाइट कमीजास्त करणाऱ्या यंत्राचा) गुणगुणाट स्पीकरमध्ये उतरतो. अर्थिंग ठीक आहे ना, हे कार्यालयाच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, विशेषतः हिरवळीवर सायंकाळी पाणी मारलेले असेल तर. जनरेटरवर बदल होताना काही क्षण वीज जाते, तेवढ्यापुरता लॅपटॉप आणि कंट्रोलर यूपीएसवर असावेत.

साउंड चेकला घरातला कोणीतरी उभा राहिलाच पाहिजे. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत, जेवणाच्या टेबलांजवळ आणि व्यासपीठावर स्वतः जाऊन बोलून पाहावे; समोरच्याचे बोलणे सहज ऐकू आले तर रांगेच्या वेळचा आवाज बरोबर आहे, आणि मिक्सरवरची ती जागा चिकटपट्टीने खूण करून ठेवावी. रिकाम्या सभागृहात आवाज अधिक घुमतो, माणसे भरल्यावर तो थोडा दबतो, हे डीजेला ठाऊक असते. तरी पहिल्या अर्ध्या तासात "वाढवा" म्हणण्याची घाई करू नये. माइक शिट्टी मारत असेल तर तो स्पीकरच्या समोर येतो आहे, व्यासपीठाची किंवा स्पीकरची जागा थोडी बदलावी. चित्रीकरण करणाऱ्याला मिक्सरमधून थेट आवाजाची वायर मिळेल का हे त्याच वेळी जुळवून द्यावे, नाही तर आजीचे आशीर्वादाचे बोल चित्रफितीत केवळ गोंगाट म्हणून उरतात.

पावणेदहाला नेमलेल्या माणसाने डीजेकडे जाऊन उरलेला वेळ सांगावा, म्हणजे शेवटची तीन गाणी निवडता येतात आणि संगीत मध्येच तोडावे लागत नाही. शेवटच्या गाण्यानंतर मंद वाद्यसंगीत दहा मिनिटे ठेवले की पाहुणे आपोआप निरोप घेऊ लागतात; बंद सभागृहात हे दहानंतरही चालते, उघड्या लॉनवर ते दहाच्या आत बसवावे. नंतर टेम्पोत सामान चढण्याआधी व्यवस्थापकाला सोबत घेऊन फरशी, भिंती आणि वायर ओढलेल्या जागा पाहून घ्याव्यात, काही तुटले-फुटले असेल तर त्याची नोंद तेथेच करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा.